चव्वेचाळीस फ्रेमची उडी

विनय,

तू गेल्यावर जगभरातल्या लोकांनी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते सगळं मी वाचलं. मोजलं नाही. तुला हे खोटं वाटेल, पण आकडा कळला असता तर मला जास्त त्रास झाला असता, म्हणून नाही मोजलं. चिलीमधल्या एका दंतवैद्याने लिहिलंय की दोन पेशंटच्या मधल्या वेळात तो तुझा गेम खेळतो आणि त्यामुळे त्याचा हात स्थिर राहतो. पोलंडच्या एका बाईने लिहिलंय की तिच्या आजारी वडिलांना तुझ्या गेममधली ती तलवारवाली मुलगी इतकी आवडायची की ते तिला नावाने हाक मारायचे. तू तर तिला नाव दिलंच नव्हतंस. त्यांनीच ठेवलं असणार. हे लोक तुला कधी भेटले नाहीत. डोंबिवलीजवळचं कोपर कुठे आहे, तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तू बनियनवर बसून हे उद्योग करायचास, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. तरी आपण रडलो असं त्यांनी लिहिलंय, आणि ते मला खरं वाटलं.

मी गेलो तर ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतील आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी विचारेल की त्या टेंडरचं कॉस्टिंग कुठल्या फोल्डरमध्ये आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तुलना केली. तुलना करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि तू माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्यामुळे ती करायची सोय मला घरातही होती.

भावाभावांच्या हेव्याबद्दल लोक बोलतात. साडूंबद्दल कुणी बोलत नाही. भाऊ निदान एका घरात वाढलेले असतात. आपलं नातं काय, तर एकाच सासूने शेजारी शेजारी मांडलेले दोन पाट.

कल्याणला अधिक महिन्यात आईंनी आपल्याला जेवायला बोलावलं होतं ते आठवतं? दोन्ही जावयांना तेहतीस-तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. ताटं अगदी सारखी होती. तरी मी पाहिलंच की चांगली जाळी पडलेले अनारसे तुझ्या ताटात वरच्या थराला होते. त्यातला एक मात्र तळताना हसलेला, म्हणजे तुपात फसकटलेला निघाला. आईंना वाईट वाटलं, त्या तो उचलायला वाकल्या. तू ताटावर हात धरलास.

"राहू दे हो आई. हसला तर हसला. निदान एक तरी हसतोय. भाऊंच्या ताटातले बघा, सगळे ऑडिटला बसल्यासारखे."

माझी बायको स्मिता एवढी हसली की तिला ठसका लागला. तू तिच्या पाठीवर थोपटायला तिच्या बहिणीला, रेवतीला सांगितलंस आणि वर म्हणालास, "भाऊ, पाणी द्या, तुमचीच आहे." माझ्या विनोदाला स्मिताला कधी ठसका लागलेला नाही. तिचं म्हणणं, मी विनोद करतो तेव्हा तिला ते घरी पोचल्यावर कळतं.

त्याच दुपारी पान खाताना तू म्हणालास, "भाऊ, एक काम आहे. आकड्यांचं आहे, म्हणून तुमच्याशिवाय होणार नाही." मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तुझ्या तोंडून 'तुमच्याशिवाय होणार नाही' मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तू मला डोंबिवली एमआयडीसीतल्या तुझ्या कारखान्यात नेलंस. बसच्या कपाळावर जे दिव्यांचे बोर्ड असतात, ज्यांवर गावाचं नाव सरकत जातं, ते तुम्ही करत होतात. सोळा ठिपक्यांच्या उंचीत 'घोडबंदर' कसं बसवायचं, मात्रा कुठे कापायची, हे तुझं रोजचं काम. टेबलावर एक बोर्ड तपासणीला लावलेला होता. तू लॅपटॉप जोडलास, आणि जिथे 'कोपर स्टेशन' यायचं तिथे केशरी दिव्यांची एक मुलगी आली. हातात तलवार. ती धावत डावीकडून उजवीकडे गेली, टोकाला थांबली, मागे वळून पाहिलं. मोजके ठिपके, आणि तिला दम लागलाय हे मला लांबून दिसलं. कारखान्यातले दोघं-तिघं काम सोडून बघायला आले. मी आयुष्यभर कॉस्टिंग शीट करत आलोय. माझी शीट बघायला कुणी काम सोडून आलेलं नाही.

मग तू समजावून सांगितलंस. एका परदेशी कंपनीचा तलवारबाजीचा प्रचंड मोठा गेम आहे. जळलेल्या किल्ल्यात एक मुलगी एकटी शिरते आणि मजल्यामागून मजला लढत वर जाते. तो चालायला महागडं यंत्र लागतं, माझ्या लॅपटॉपची ती ऐपत नव्हती. तू त्याचंच जुन्या वळणाचं रूप करत होतास. आपण शाळेत असताना सुट्टीत भाड्याने आणायचो त्या व्हिडिओ गेमवर हाच खेळ आला असता तर कसा दिसला असता, तसा. सोळा रंग, सोळा ठिपके उंचीची मुलगी, पिपाणीसारखे आवाज. मूळ गेम उतरवायला अख्खा दिवस जावा, तुझा मोबाइलमधल्या एका फोटोएवढा. आणि फुकट.

"दुसऱ्याचा आहे ना पण हा खेळ?" मी विचारलं. "कंपनीला विचारलंस?"

"भाऊ, विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागतं. वकील असतात त्यांचे, त्यांना तेवढंच काम. नाही विचारलं तर बघून न बघितल्यासारखं करतात."

"याला परवानगी म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"अजून पकडले गेलो नाही, असं म्हणतात."

तू हसलास, पण ऐकलंस. नाव बदललंस, चेहरे आणि सूर स्वतःचे केलेस, पहिल्याच पडद्यावर लिहिलंस की मूळ कल्पना आमची नाही, ज्यांची आहे त्यांचा गेम विकत घेऊन खेळा, आणि त्यांनी सांगितलं तर आम्ही हा काढून टाकू. देणगीचं बटण नको असं मी म्हणणार, तेवढ्यात तूच म्हणालास, "बटण नकोच. लोकांनी चहापुरते जरी दिले तरी कंपनीवाले तक्रार करायला मोकळे." तेव्हा वाटलं, हा माणूस दिसतो तेवढा उडाणटप्पू नाही. थोडं वाईटही वाटलं.

माझ्याकडे आलं त्या मुलीच्या अंगाचं गणित. ती किती वेळात वार करते, किती मागे सरते, उडी किती. मूळ गेम खेळणाऱ्यांचे व्हिडिओ मिळतात. मी ते एकेका चित्रावर थांबवत मोजायचो आणि शीटमध्ये भरायचो. रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या घरात हेच चालायचं. स्मिता मागून यायची.

"एवढं टक लावून कुणाकडे बघताय?"

"ती हवेत किती वेळ आहे ते मोजतोय."

"ती कोण ती?"

"विनयची."

"मग रेवतीला सांगायला हवं," म्हणायची आणि पोळ्या लाटायला जायची. ते दिवस चांगले होते, विनय. तुझा रोज फोन यायचा. लग्नानंतर माझा असा एकही मित्र झालेला नव्हता ज्याचा फोन कामाशिवाय येतो. तुझाही कामासाठीच यायचा, पण ते काम कुणी लादलेलं नव्हतं.

मग ती उडी. गेममध्येही सिनेमासारखी एका सेकंदात बरीच चित्रं सरकतात, एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मूळ गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेम. मी मोजून लिहिलं, उडी चव्वेचाळीस फ्रेम. तुझा गेम जुन्या चालीचा, सेकंदाला तीस फ्रेमवर चालणारा. म्हणजे माझे सगळे आकडे निम्मे व्हायला हवे होते. वाराचे आणि मागे सरण्याचे आकडे तू हाताने जुळवून घेतलेस, कारण ते डोळ्यांना खटकले. उडी तशीच राहिली. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. किलोचा भाव टनाला लावणाऱ्या पोरांना मी ऑफिसात उभं करतो, आणि इथे एकक न विचारता आकडा देऊन बसलो. किल्ल्यातले शिपाई तुझ्या हातचे, ते बरोबर वेगाने हलायचे. आणि त्यांच्या मधोमध ही बया उडी मारून वर जायची, तिथे रेंगाळायची, आणि दोरीवरून सुटलेल्या साडीसारखी सावकाश खाली यायची.

मला कळलं तोवर तू पहिले दोन मजले लोकांना दिले होतेस. मी घाईघाईने फोन केला.

"विनय, उडी चुकलीय. चव्वेचाळीस नाही, बावीस. लगेच बदल."

"थांबा भाऊ. आधी कमेंट वाचा."

"कमेंटचा काय संबंध? आकडा चूक आहे."

"वाचा तर."

वाचल्या. कुणी लिहिलं होतं, मूळ गेममध्ये घाई होते, इथे उडी मारायच्या आधी विचार करावा लागतो. कुणी लिहिलं होतं, स्वप्नात आपण अशीच उडी मारतो. आणि एकाने लिहिलं होतं, उडी इतकी लांबवणं हा निर्मात्याचा धाडसी निर्णय आहे.

तो धाडसी निर्णय नव्हता. तो एककाचा घोळ होता, आणि घोळ माझा होता. माझं बरोबर आलेलं काम कुणी ढुंकून बघत नाही, आणि चुकलेलं काम तुझ्या हातात पडलं की त्याची कला होते. तुझ्या गेमच्या शेवटी नावं यायची. चित्रं विनय, संगीत विनय, रचना विनय, आणि सगळ्यांत खाली 'आकडे: भाऊ'. मी एकदा विचारलं की भाऊ म्हणजे कोण ते लोकांना कसं कळणार. तू म्हणालास, "तुमचं आडनाव सोळा ठिपक्यांत बसत नाही हो. जोडाक्षरं फार आहेत. वाडवडिलांनी विचार करायला हवा होता." सगळे हसले. मीही हसलो.

आता आपल्या शेवटच्या भांडणाबद्दल बोलतो, कारण ते अर्धं राहिलंय.

तुझ्या घरी रेवतीने सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी केली होती. स्मिता तिच्याबरोबर आत होती. सगळे मजले झाले होते, फक्त सगळ्यांत वरचा राहिला होता. तिथे किल्ल्याचा म्हातारा सेनापती उभा असतो, लांब तलवार घेऊन, आणि तो लागोपाठ तीन वार करतो. मूळ गेममध्ये प्रत्येक वारावरून एक, अशा तीन चपळ उड्या मारून वाचायचं. आपली मुलगी पहिल्या वाराला जी वर जायची ती दुसरा वार संपेपर्यंत वरच, आणि खाली यायची ती नेमकी तिसऱ्या वारावर. दर वेळी. सुटकाच नव्हती. तू ताट बाजूला सारून मला दाखवत होतास.

"मी काय म्हणतो भाऊ, तीनचा एकच वार करून टाकू."

"तीन वार म्हणजेच तो सेनापती. एक वार करणारा सेनापती म्हणजे सोसायटीचा वॉचमन."

"मग काय तिची उडी कापू? लोक खालपासून तीच उडी शिकत वर आलेत. त्यांना शेवटी काय सांगू, सॉरी, आमच्या साडूने मोजताना चूक केलेली?"

"केली होतीच."

"केलेली, मान्य. पण आता ती तुमची राहिली नाही ना भाऊ."

हे तू सहज बोललास. मला मात्र ते असं लागलं की पुढचं बोलणं मी आवरू शकलो नाही. म्हणालो, "तुझं सगळंच सहज असतं. तुला कधी काही मोजावं लागलंय? सासुरवाडीत, कारखान्यात, जगात, सगळीकडे तुला ओंजळ भरून मिळतं. मोजायला आम्ही आहोत."

तू चमचा खाली ठेवलास. "तुम्हाला काय माहीत भाऊ, मी काय काय मोजतो ते."

रेवती आतून म्हणाली, "खिचडी गार होतेय. तुमचा राक्षस काही पळून जात नाहीये." स्मिता हसली. आपण जेवलो. त्यानंतर आपण फोनवर बोललो ते तुमच्या बिल्डिंगच्या पाण्याबद्दल आणि आईंच्या गुडघ्याबद्दल. तू काय मोजत होतास ते मी विचारलं नाही. आता रेवतीला विचारता येईल, पण ते मला तिच्याकडून नको आहे.

पुढचं तुला सांगायची गरज नाही. घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामं झालं. पाहुणे पांगल्यावर रेवतीने तुझा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"भावोजी, लोक विचारतायत, शेवटचा मजला कधी येणार. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही कराल?"

"मला चित्र काढता येत नाही गं."

"चित्रं सगळी काढून ठेवलीयत त्याने. फक्त ती लढाई राहिलीय. तुम्ही ज्यावरून भांडलात ती."

तिच्या आवाजात ठपका नव्हता. मी हो म्हटलं. आणि विनय, त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते तुला सांगतो. दुःख नाही आलं. मनात आलं, आता बावीस करता येईल.

घरी येऊन मी तेच केलं. चव्वेचाळीस खोडून बावीस. मुलगी टुणकन उडाली आणि टपकन खाली आली. अगदी मूळ गेमसारखी, हिशेबाला चोख. पण वरच्या मजल्यावर न्यायचं तर आधी खालून चढवत न्यायला हवी, म्हणून पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या मजल्यावर दोन कठड्यांमध्ये खड्डा आहे. ती त्यात पडली. पुन्हा पडली. मी कठड्यांमधलं अंतर काढलं, तर ते चव्वेचाळीसच्या उडीलाच पुरणारं होतं. पुढचं काढलं, त्याच्या पुढचं काढलं. तिसऱ्यापासून वरचे सगळे मजले, प्रत्येक कठडा, प्रत्येक कपार, शिपाई कुठे उभा आहे, झुंबर किती उंच टांगलंय, सगळं त्याच एका आकड्यावर बेतलेलं. पहिल्या दोन मजल्यांचीही तू नंतर मोडतोड करून ते त्यावर आणले होतेस. मला वाटत होतं तू माझी चूक मिरवतोयस. तू तिच्यावर अख्खा किल्ला बांधला होतास.

माझ्या कुठल्याही आकड्याला कुणी एवढा मान दिलेला नाही. मग लक्षात आलं की इतकं चोख बांधायचं तर इतकं चोख मोजता यायला हवं. म्हणजे हेही तुला येत होतं. मग मला कशाला घेतलंस? मी नसतो तर तुझं अडलं नसतं, हे मला तेव्हा कळलं, आणि गहिवरून आलं होतं ते तिथेच आटलं. तू गेल्यावरही माझी ही अवस्था आहे बघ.

मी चव्वेचाळीस परत घातला. मग उरला तो सेनापती. तुझा तोडगा मला मान्य नव्हता आणि माझा तर खड्ड्यात पडला होता. मी शीट उघडलं. वरच्या ओळीत तिची उडी, फ्रेममागून फ्रेम. खालच्या ओळींत त्याचे तीन वार. जिथे तिचा पाय आणि त्याचं पातं एकाच फ्रेमला एकाच जागी येत होतं तो चौकोन मी आधीपासून लाल रंगवून ठेवला होता. टक्कर, म्हणजे मरण. मी वार पुढे सरकवून पाहिले, मागे सरकवून पाहिले. लाल चौकोन कुठे ना कुठे उरायचाच. कित्येक सकाळी यात गेल्या. मग एका सकाळी मी काहीही न सरकवता त्या लाल चौकोनाचा रंग हिरवा केला.

म्हणजे असं. तिसरा वार आडवा येतो, पातं सपाट असतं. ती बरोबर त्याच वेळी खाली येत असते. मग येऊ दे. तिचा पाय पात्यावर टेकला तर ती मरत नाही. पातं तिला वर फेकतं, पुन्हा चव्वेचाळीस फ्रेम, सेनापतीच्या डोक्यावरून पलीकडे, आणि त्याची पाठ उघडी. त्याचा तिसरा वार हाच तिचा रस्ता. चुकीच्या उडीशिवाय हे जमूच शकत नाही, चपळ उडी मारणारी मुलगी तोवर जमिनीवर आलेली असते. नवीन चित्रही लागलं नाही. जमिनीवर उतरताना ती गुडघ्यात वाकते ते तुझं चित्र मी पात्यावर ठेवलं. तू सगळे आकडे आणि कशाला टेकलं की काय होतं ते नियम एका जागी ओळीने लिहून ठेवले होतेस म्हणून मला ते बदलता आले.

तपासणीला स्मिताला बसवलं. तिने आयुष्यात गेम खेळलेला नव्हता, म्हणून तिला फक्त ही लढाई दिली. पाय टेकायला मी तीन फ्रेमची सवड ठेवली होती.

"मेली," स्मिता म्हणाली. "परत मेली. हा म्हातारा फारच दुष्ट आहे हो."

"वार मोजायचे. एक, दोन, आणि तिसऱ्याला तिला येऊ द्यायचं."

"येऊ द्यायचं म्हणजे? मी काय हातात धरून ठेवलीय का तिला?"

मी तीनच्या पाच फ्रेम केल्या. संध्याकाळपर्यंत ती हरत राहिली, चहा ठेवायला उठेना. मग एकदा पाय टेकला आणि मुलगी वर गेली. स्मिता खुर्चीतून ओरडली. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं. ती दारात जाऊन त्यांची समजूत घालून आली आणि शांतपणे म्हणाली, "विनयरावांनी हे असं केलं असतं?"

"नाही. त्याने एकच वार ठेवला असता."

"म्हणजे हे तुमचं आहे."

मी शेवटच्या नावांत एक ओळ वाढवली. 'शेवटची लढाई', आणि पुढे माझं नाव, आडनावासकट. एका ओळीत मावेना म्हणून दोन ओळींत. स्मिताला ते पटलं नाही. म्हणाली, "इतक्यात नाव टाकायलाच हवं का? माणूस जाऊन किती दिवस झालेत? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, जे खरं आहे ते म्हणतील. तरी रेवतीला फोन करून विचारलं, कारण गेम तिचा आहे आता.

"टाका भावोजी," ती म्हणाली. "तो असता तर म्हणाला असता, एवढंसं काम केलं आणि दोन ओळी खाल्ल्या." ती हसली आणि मग रडली. मी फोन धरून ठेवला.

रेवतीनेच बटण दाबलं. कोपरला, तुझ्या टेबलावर, तुझ्या खुर्चीत बसून. मी मागे उभा होतो.

पहिल्या दिवशी आले ते सगळे तुझ्यासाठी. निरोप, आभार, तुझी उडी, तुझे रंग. मी वाचत होतो आणि माझं आतलं यंत्र नेहमीप्रमाणे चालू होतं. तुझं नाव, तुझं नाव, परत तुझं नाव. मग त्या चिलीच्या दंतवैद्याने लिहिलं. त्याचं इंग्रजीही माझ्यासारखंच, त्यामुळे नीट समजलं. "शेवटच्या लढाईत मी अख्खी दुपार हरलो. तिच्या पायाखाली तलवार आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. विनयवर माझं प्रेम आहे, पण खरं सांगतो, ही लढाई बाकीच्या खेळापेक्षा वरचढ आहे. हे दोन ओळींचं नाव कोणाचं?"

बाकीच्या खेळापेक्षा वरचढ. अनारशांच्या दिवसापासून मी या वाक्याची वाट पाहत होतो, फक्त ते कशाबद्दल असेल हे माहीत नव्हतं.

मी ते स्मिताला वाचून दाखवलं. तिचा चेहरा उजळला, म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते? रेवतीला फोनवर वाचून दाखवलं. तिला मनापासून आनंद झाला, तिने ते पुन्हा वाचायला लावलं. कल्याणला जाऊन आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. सगळ्यांना आनंदच झाला, विनय. एकालाही वाईट वाटलं नाही.

मला हे तुला वाचून दाखवायचं होतं. जेवताना, सगळ्यांसमोर, जरा सावकाश. तू "वा भाऊ" म्हणाला असतास, आणि मनापासून म्हणाला असतास, तेवढा तू मोठा होतास. पण त्याआधी अर्धा क्षण तुझं तोंड पडलं असतं. तो अर्धा क्षण मला बघायचा होता.